जिभेवरचा पांढरा डाग

लाँड्रीत तिला सगळे डागवाली मावशी म्हणत. तिला त्याचा राग नव्हता, उलट ताठाच होता. कपडे धुणारे पाच, इस्त्री करणारे तीन, पण डाग काढणारी ती एकटी. खिडकीपाशी तिचं टेबल होतं. त्यावर मान वाकवलेला दिवा, बाटल्यांची रांग, मऊ केसांचे दोन ब्रश आणि धुऊन घडी केलेल्या पांढऱ्या फडक्यांची चळत. गिऱ्हाईक कपडा टाकून गेलं की मालक तो तिच्यापुढे सरकवायचे. मग मावशी कपाळावरचा चष्मा नाकावर आणून म्हणायची, "बघू, काय दिवे लावलेत."

एकोणतीस वर्षं ती हेच करत होती. डाग कशाचा, किती दिवसांचा, घरच्यांनी त्यावर आधी काय काय अघोरी उपाय केले, हे ती नुसतं बघून आणि वास घेऊन सांगायची. लोक खोटं बोलायचे. "सरबत सांडलं हो," एक गृहस्थ कॉलर दाखवून म्हणाले. मावशीने कॉलर दिव्याखाली धरली आणि विचारलं, "सरबताला ओठ कधीपासून फुटले?" ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत, शर्ट न्यायला बायको आली. इस्त्रीवाला भाऊ हा किस्सा अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, आणि दर वेळी त्याला थोडं तिखटमीठ लावतो.

तिचे नियम दोनच होते आणि नव्याने कामाला लागलेल्या प्रत्येकाकडून ती ते घोकून घ्यायची. पहिला नियम, डाग चोळायचा नाही, टिपायचा, कारण चोळलं की डाग राहतो आणि कापड जातं. दुसरा नियम, डाग कुठून येतोय ते आधी बंद करायचं. या दुसऱ्या नियमासाठी ती विमा कचेरीतल्या एका कारकुनाचं उदाहरण द्यायची. त्याच्या शर्टाच्या खिशाखाली दर आठवड्याला शाईचा ठिपका असायचा. तीन महिने तिने तो निमूटपणे काढला. मग एक दिवस त्याला बोलावून घेतलं आणि म्हणाली, "साहेब, मी काढतेय आणि तुम्ही भरताय. ते गळकं पेन आधी फेका बघू." त्याने पेन फेकलं आणि ठिपका थांबला.

नियम चांगलाच होता. कापडासाठी तर फारच चांगला होता.

मावशीला एकच मुलगी. ती चार वर्षांची असताना तिचे वडील तापाचं निमित्त होऊन गेले, आणि तेव्हापासून त्या दोन खोल्यांच्या घरात दोघीच. शाळा सुटली की मुलगी दप्तर घेऊन थेट लाँड्रीत यायची, टेबलाच्या बाजूला बसून अभ्यास करायची, स्वच्छ टॉवेलांच्या टोपलीला टेकून झोपायची. वहीवर शाई सांडली, गुडघा फुटला, मैत्रिणीने बोलणं टाकलं, काहीही झालं की ती आईच्या टेबलावर आणून ठेवायची आणि विचारायची, "आई, हे निघेल का?" पुढे नोकरी लागली, मुलगा आवडला, लग्न झालं, तरी हा प्रश्न सुटला नाही. भाड्याच्या घराचा करार असो की नवऱ्याचं अबोलेपण, आधी आईला फोन. आणि आईने सांगितलं की झालं. तिने आईचा शब्द कधी खाली पडू दिला नाही. मावशीला त्याचं फार सुख होतं. इतकं की त्या सुखाची तिला सवय झाली होती.

मुलीला मुलगी झाली ती ऑपरेशन होऊन. टाक्यांना पू धरला म्हणून आठ दिवस जबर औषधं घ्यावी लागली. जावई मालवाहू जहाजावर, दोन-दोन महिने बाहेर. म्हणून मुलगी बाळाला घेऊन आईकडेच राहिली. बाळ एवढंसं, मूठ उघडली तर मावशीच्या अंगठ्याचं नख तेवढं झाकेल. त्याला अंगावर पिता येईना. तोंड लावायचं, सोडायचं, लालबुंद होऊन रडायचं. मुलगीही रडायची. "मला हेसुद्धा जमत नाही गं," म्हणायची. असे बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी मावशी कामावरून आली तर मुलगी खिडकीपाशी बसली होती, तिने ओठावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, "आई, ऐक."

मावशीने ऐकलं. घुटुक, थोडं थांबून पुन्हा घुटुक. ती पिशवी हातात धरून दारातच उभी राहिली. मुलीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. मावशीने पुढे होऊन पदर लावावा तसा आपल्या ओढणीचा शेव तिच्या गालाला लावला. त्या घरात त्या दिवसाइतकं सुख आधी कधी आलं नव्हतं, हे मी अगदी छातीठोकपणे सांगतो.

ते महिनाभर टिकलं. बाळाच्या मनगटाला वळी पडल्या. मुलगी दूध पाजताना गुणगुणायला लागली. आणि सहाव्या आठवड्यात दुखणं सुरू झालं.

"काचा भरल्यासारखं होतं गं," मुलगी म्हणाली. "ती प्यायला लागली की डोळ्यांपुढे अंधारी येते. पिऊन झालं तरी तासभर आत कळा येत राहतात." टोकं लाल, चकचकीत झाली होती आणि त्यांची आग होत होती. बाळ जवळ घेताना ती पलंगाची कड पकडायची, पायाची बोटं आवळायची. आणि बाळही किरकिरायला लागलं होतं, चार घोट घेऊन तोंड बाजूला करायचं.

एका सकाळी बाळ रडताना मावशीला त्याच्या जिभेवर पांढरं दिसलं. तिने त्याला उजेडात नेलं. जिभेवर, गालांच्या आतल्या बाजूला, दह्याच्या कवड्या चिकटाव्यात तसे ठिपके. तिने हात धुतले, उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ फडकं भिजवलं, बोटाला गुंडाळलं आणि हळूच टिपलं. दुधाची साय असती तर फडक्यावर आली असती. ती आली नाही. एका जागी जराशी कपची निघाली आणि खाली लाल दिसलं. तिने तिथेच हात थांबवला, चोळलं नाही. एवढं तिच्या बाजूने सांगायलाच हवं.

"दूध बसलंय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे मुरलंय. एकावर एक थर. आपण पुसणार आणि वरून पुन्हा तेच ओतणार, मग जाणार कसं? चार दिवस अंगावरचं बंद कर. बाटलीने पाजू. तिची जीभ साफ होईल आणि तुझंही दुखायचं थांबेल."

"दवाखान्यात दाखवायचं का?"

"दाखवू की. चार दिवस बघू आणि मग दाखवू."

मुलीने बाळाकडे पाहिलं आणि विचारलं, "परत येईल ना गं दूध?"

"न यायला काय धाड भरलीय? नळ बंद कर म्हणतेय, तोडून टाक नाही म्हणत."

मुलगी हसली. आईने सांगितलं होतं, मग प्रश्न मिटला.

मावशी असं का बोलली? तिला पोरीचं दुखणं बघवत नव्हतं हे खरं. पण त्याहून खरं असं की "मला माहीत नाही" हे तीन शब्द तिला एकोणतीस वर्षांत लागलेच नव्हते. तिने त्या इवल्याशा जिभेकडे पाहिलं आणि तिला कारकुनाचा खिसा दिसला. दुसऱ्या कुणाला तो दिसला नसता. दुसरं कुणीही घाबरलं असतं, बाळाला उचलून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेलं असतं आणि अर्ध्या तासात औषध घेऊन घरी आलं असतं.

बाटली आली, दुधाची पावडर आली. दुसऱ्या दिवशी मुलीची छाती दगडासारखी झाली, अंगात कणकण आली. मावशीने रुंद पट्टी घेऊन छाती घट्ट बांधली. गाठ मारताना मुलीने दात ओठांत रोवले. बाळाला बाटली मान्य नव्हती. ते मान वळवून आईच्या गाऊनमध्ये तोंड खुपसायचं, वास घेत शोधायचं. मग मुलगीच उठून दुसऱ्या खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची, म्हणजे बाळाला वास येणार नाही. भिंतीच्या एका बाजूला बाळ रडायचं आणि दुसऱ्या बाजूला ती. मधे बाटली हातात घेऊन मावशी. तिसऱ्या दिवशी बाळाने हार मानली आणि बाटली ओढायला लागलं. मावशीला वाटलं, जिंकलं.

चार दिवसांनी जीभ पाहिली. पांढरं होतंच. "कडा फिकट झाल्यात," मावशी म्हणाली. झाल्या नव्हत्या. पण तिला दिसल्या. "अजून चार दिवस." मग अजून तीन. अकराव्या दिवशी पांढरं ओठांच्या आतपर्यंत आलं, बाळ बाटलीही ढकलायला लागलं, तेव्हा मुलगी उठली, बाळाला दुपट्यात घेतलं आणि दवाखान्यात निघाली. मावशी मागोमाग पिशवी घेऊन.

दवाखान्यातली नर्स जाडजूड, आवाजाने मोठी, कानामागे पेन खोचलेलं. तिने छोट्या बॅटरीने बाळाच्या तोंडात पाहिलं आणि दुसऱ्या क्षणी म्हणाली, "बुरशी आहे. थ्रश म्हणतात. लहान बाळांना होते, घाबरू नका. तुम्हाला ऑपरेशननंतर अँटिबायोटिक दिली होती का?"

"आठ दिवस."

"त्यानेही होते कधीकधी. आणि तुम्हालाही आग होत असेल छातीला? मग दोघींनाही झालीय." तिने बाळाला आत डॉक्टरांना दाखवून आणलं आणि त्यांनी लिहून दिलेला कागद समोर ठेवला. "हे थेंब बाळाच्या तोंडात, पाजून झाल्यावर. हे मलम तुम्हाला. दोघींचं एकदमच सुरू करायचं, नाहीतर ही तिला देईल आणि ती हिला. हात धुवायचे. निपल, बाटली, जे काही तिच्या तोंडात जातं ते रोज उकळायचं. आतले कपडे गरम पाण्यात. आणि अंगावरचं दूध चालूच ठेवायचं, ते काही बंद करावं लागत नाही."

"बंद केलंय," मुलगी म्हणाली.

"कधीपासून?"

"अकरा दिवस झाले."

नर्सने कागदावरून मान वर केली. "कुणी सांगितलं बंद करायला?"

मावशी शेजारच्याच खुर्चीवर होती. तिने तोंड उघडलं. पण तिच्या आधी मुलगी बोलली. "कुणी नाही. दुखत होतं, म्हणून मीच केलं."

मग नर्सने मुलीला झापलं. दुष्टपणाने नाही, पण झापलं. अहो, शिकल्यासवरलेल्या तुम्ही, एकदा येऊन विचारायचं तरी, आपल्या मनाने कसलं करता हे सगळं, लेकराच्या तोंडचं काढून घेतलंत की. मुलगी मान खाली घालून ऐकत राहिली. ते सगळं मावशीच्या वाट्याचं होतं आणि मावशी पिशवीचे बंद बोटांना गुंडाळत गप्प बसली. जन्मभर परक्या माणसांचं खोटं पकडलं तिने, पण पोरीने तिच्यासाठी सांगितलेल्या खोट्यापुढे तिची वाचा बसली. ती भेकड होती असं मी म्हणणार नाही. पण त्या खुर्चीवर त्या पाच मिनिटांत ती भेकडासारखी वागली, हे तिलाही कबूल आहे.

शेवटी नर्सचा आवाज उतरला. "प्रयत्न करून बघा. दर दोन-तीन तासांनी लावायचं, पंपाने काढायचं. हा आमचा पंप न्या, वापरून आणून द्या. काहींचं परत येतं, काहींचं नाही येत. थोडं आलं तरी थोडं."

रस्त्यात मावशी म्हणाली, "मी सांगायला हवं होतं तिला."

"थेंब घेतलेस ना पिशवीत?" मुलीने विचारलं.

आठवड्यात बाळाची जीभ गुलाबी झाली. मुलीची आगही थांबली. इतकं सोपं होतं ते. मावशीला वाटायचं, अवघड असतं तर बरं झालं असतं.

दूध मात्र आलं नाही. मुलगी घड्याळ लावून पंप घ्यायची, वीस-वीस मिनिटं बसायची, आणि बाटलीच्या तळाशी चमचा भिजेल एवढं जमायचं. कधी तेवढंही नाही. बाळ अंगाला लावलं की पाठीची कमान करायचं, मुठी आवळायचं, किंचाळायचं. त्याला आता बाटलीसारखी धार हवी होती, लगेच. मुलगी शांतपणे पुन्हा लावायची. मावशीला तिची ती शांतता बघवायची नाही. ओरडली असती, भांडली असती, ताट फेकलं असतं तर मावशीने आनंदाने झेललं असतं. पण ती आईशी पूर्वीसारखीच नीट बोलायची. जेवलीस का, किल्ली घेतलीस का, आज उशीर होईल का. फक्त विचारेनाशी झाली. बाळाला शिंका आल्या, नर्सला फोन. बाळाच्या मांडीवर पुरळ उठलं, जहाजावर नवऱ्याला फोन, जो हजारो मैलांवरून काय सांगणार होता देव जाणे. समोर दोन हातांवर आई बसलेली असायची.

एकदा थेंबांचा पिवळा डाग बाळाच्या झबल्यावर पडला. मावशी दारात होती. मुलीने झबलं नळाखाली धरलं, गरम पाणी सोडलं, साबण लावला आणि दोन्ही हातांनी खसाखसा चोळायला लागली. सगळं चुकीचं. कापडाला गोळे यायला लागले, डाग तसाच. मावशीला दोन मिनिटं पुरली असती. तिच्या ओठांवर शब्द आले होते. पण मुलीने मान वर करून पाहिलंच नाही, आणि कुणी विचारल्याशिवाय सांगायचा हक्क आपण गमावला आहे हे मावशीला तिथे, त्या नळाच्या आवाजात, नीट कळलं. ती चपला काढून आत गेली आणि भांडी विसळत बसली.

लाँड्रीत एका बाईने कोट आणला. "मावशी, कशाचा असेल हो?" मावशीने कोट दिव्याखाली धरला, वास घेतला आणि म्हणाली, "मला माहीत नाही." इस्त्रीवाला भाऊ खो खो हसला, "घ्या, सूर्य पश्चिमेला उगवला." मग त्याने तिचा चेहरा पाहिला आणि हातातली इस्त्री बाजूला ठेवून तिच्यासाठी चहा आणायला गेला.

त्याच दिवशी दुपारच्या सुट्टीत ती एकटीच दवाखान्यात गेली. रांगेत उभी राहिली. नंबर आल्यावर नर्सला म्हणाली, "त्या दिवशी माझ्या मुलीला तुम्ही बोललात. तिची चूक नव्हती. दूध बंद करायला मी सांगितलं होतं."

नर्सने तिच्याकडे पाहिलं, मागच्या रांगेकडे पाहिलं. "कोणती मुलगी हो आजी? कोणतं बाळ?"

मावशीने सांगितलं. नर्सने आठवायचा प्रयत्न केला, मान हलवली. "बरं, बरं. बाळ ठीक आहे ना आता? मग झालं तर." आणि तिने पुढचा नंबर पुकारला. मावशीने जे ओझं उतरवायला नेलं होतं ते तसंच घेऊन ती परत आली.

पंप आणल्याला महिना होत आला. रविवारची सकाळ होती. मुलगी खिडकीपाशी बसून बाळाला जवळ घेत होती. बाळाचं पोट रिकामं, मन प्रसन्न, सगळं जुळून आलं होतं. मावशी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी श्वास रोखून उभी होती. बाळाने गाल टेकवला. तोंड लावलं. एकदा ओढलं, दोनदा ओढलं. मावशीने डोळे मिटले आणि कान तिकडे लावले.

काही ऐकू आलं नाही. बाळाने तोंड सोडलं, आईकडे बघून गोडसं हसलं, अगदी ओळखीच्या शेजारणीकडे बघून हसावं तसं, आणि मान वळवून ओट्याकडे बघायला लागलं, जिथे बाटली होती. मग हातपाय झाडून रडू लागलं.

मुलीने गाऊनची बटणं लावली. एक, दोन, तीन. उठली आणि बाळ मावशीच्या हातात दिलं. "तू पाज."

"तूच पाज की गं बाटलीने."

"नको. तू पाज."

मावशी खुर्चीत बसली. बाळाने बाटलीवर दोन्ही हात ठेवले आणि प्यायला लागलं. आणि पिता पिता त्याने डोळे वर करून मावशीच्या डोळ्यांत पाहिलं, पापणी न हलवता, एकटक. दूध पिताना बाळ जसं पाहतं तसं. ते पाहणं मावशीचं नव्हतं. ते तिच्या मुलीचं होतं आणि मावशीने ते काढून घेतलं होतं, आणि आता ते तिलाच मिळत होतं, दर तीन तासांनी.

"माझं चुकलं गं," ती म्हणाली. दीड महिन्यात पहिल्यांदा. "बाळा, माझं चुकलं."

मुलगी नळापाशी पाठमोरी उभी होती. पंपाचे भाग सुटे करून धूत होती. आई रडतेय हे तिला ऐकू येत होतं.

"माहीत आहे, आई," ती म्हणाली. मग तिने एकेक भाग कोरडा पुसला आणि दवाखान्यात परत द्यायच्या पिशवीत भरून ठेवला.